सत्त्याण्णव नोटा

आमच्या कापडदुकानात गल्ल्यावर ताजबी भाभी बसतात. एकोणीस वर्षं झाली. मधले अकरा दिवस मात्र त्या गल्ल्यावर नव्हत्या, त्याची ही हकीकत.

मी क्रांती. कोडोलीहून रोज एसटीनं येते. ब्लाउजपीस आणि परकरांचा काउंटर माझ्याकडं, आणि तो गल्ल्याच्या बरोबर समोर, पाच-सहा फुटांवर. त्यामुळं भाभींच्या तोंडचा शब्द न् शब्द मला ऐकू येतो. दुकान महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत, दोन मजली. खाली साड्या, वर शर्ट-पँटचं कापड. लग्नाच्या दिवसांत बस्ते बांधायला गाड्या भरून माणसं येतात.

भाभी मूळच्या गारगोटीच्या. दहावीला गणितात एक्क्याण्णव मार्क होते, हे मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की मलाच ते पडल्यासारखे वाटतात. पुढं शिकवलं नाही, लग्न करून दिलं. नवरा चमन चाचा. आमच्या दुकानाच्या मागं त्यांचं पिको-फॉलचं मशीन आहे. दुकानातल्या साड्या पिकोला त्यांच्याकडंच जायच्या, आणि गाठोडं न्यायचं-आणायचं काम भाभींचं. तेव्हा थोरले मालक होते. महिन्याच्या हिशोबात एकदा त्यांनी अकरा रुपये कमी दिले. भाभी अर्धा तास काउंटरवरून हलल्या नाहीत. थोरले मालक चिडले, वही आपटली, शेवटी परत बेरीज मारली. अकरा रुपये निघाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चमन चाचांना निरोप पाठवला. भाभी आल्यावर म्हणाले, "अकरा रुपयांसाठी माझ्यासंगं अर्धा तास भांडलीस. माझ्या गल्ल्यासाठी किती भांडशील?"

"किती गेल्यात त्याच्यावर हाय," भाभी म्हणाल्या.

तिथून त्या गल्ल्यावर बसल्या.

पैसे घेताना त्यांचं एकच वाक्य असतं, "थांबा, मोजू दे." समोर फौजदार असो, शाळेतली बाई असो, नाहीतर मालकांचे सख्खे साडू. नोटा काचेवर ठेवायच्या, दोन्ही हात वर दिसले पाहिजेत, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत मोजायच्या, आणि मोजून होईपर्यंत ड्रॉवर उघडायचा नाही. पाचशेची नोट दिली तर मोठ्यानं म्हणायचं, "पाचशे आले." परत देतानाही तसंच. सुट्टे नाहीत म्हणून गोळ्या-चॉकलेट द्यायला त्यांनी पहिल्यापासून नकार दिला. "गिऱ्हाईक आपल्याला चॉकलेट देतंय का? मग आपण का द्यायचं?" म्हणून दर सोमवारी त्या स्वतः बँकेत जाऊन नाण्यांच्या पिशव्या घेऊन येतात.

माणसं काय एकेक येतात! मोबाईलवर पैसे पाठवल्याचा फोटो दाखवून निघालेला एक पोरगा त्यांनी दारातून परत बोलावला होता. "फोटो माझ्याकडंबी लई हैत पावणं. पैसं आल्यावर हे यंत्र बोलतंय. ते बोललं न्हाय." पोरगा म्हणाला, रेंज नाही. भाभी म्हणाल्या, "रेंज येस्तवर बसा, पाणी घ्या." त्यानं मुकाट्यानं खिशातून रोख काढले.

आणि नोटबंदीत तर खुद्द मालकांना नाही म्हणाल्या. थोरले मालक तोवर गेलेले. त्यांचे चिरंजीव उदयसिंह, म्हणजे आताचे मालक, यांनी सगळ्या कामगारांना थोड्या थोड्या जुन्या नोटा आपापल्या खात्यावर भरायला दिल्या. सगळ्यांनी घेतल्या. मी तेव्हा नवीन होते, मीही घेतल्या. भाभी म्हणाल्या, "माझ्या खात्यात माझंच पैसं." मालक दोन महिने त्यांच्याशी नीट बोलले नाहीत. भाभींचं काही अडलं नाही.

आता त्या शनिवारची गोष्ट.

तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळी अकराला एक मोठा बस्ता आला. दत्ताजीराव, सगळे त्यांना आबा म्हणत. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा त्यांचा धंदा. मुलीचं लग्न होतं. आबा, त्यांची बायको, नवरी मुलगी आणि पावणेरावळे मिळून अठराजण. साड्यांच्या गादीवर चार तास ठाण मांडलं. चहाच्या तीन फेऱ्या झाल्या. शालू, पैठण्या, मानपानाच्या साड्या, टॉवेल, टोप्या. एक लाख त्रेपन्न हजार काहीतरी झाले. मालकांनी स्वतः येऊन दीड लाखावर आणले. आबांच्या भावकीतले बस्ते दरवर्षी आमच्याकडंच यायचे, त्यामुळं मालक त्यांच्यापुढं जरा वाकूनच असायचे.

आबा गल्ल्यावर आले. पाचशेच्या तीन बंडलांची पिशवी काचेवर ठेवली. बँकेच्या पट्टीची बंडलं होती.

"घ्या. आन् बिल द्या लवकर, टेंपो थांबलाय."

"थांबा, मोजू दे," भाभी म्हणाल्या.

"बँकेची बंडलं हैत ती."

"व्हय. दोन मिनिटं."

आबांना ते आवडलं नाही, हे मला इथून दिसलं. पाठीमागं अठरा माणसं उभी, मालक उभे, आणि ही बाई आपले पैसे मोजतेय. भाभींनी पहिली पट्टी फाडली, मशीनमध्ये बंडल घातलं. शंभर. दुसरं घातलं. सत्त्याण्णव. त्यांनी परत घातलं. सत्त्याण्णव. मग नोटा काचेवर घेऊन हातानं मोजल्या, एकेक नोट आबांच्या बाजूला सरकवत. सत्त्याण्णव. तिसरं बंडल बरोबर निघालं.

"आबा, ह्याच्यात तीन नोटा कमी हैत. दीड हजार."

"कमी कशा असतील? पट्टी हुती त्याच्यावर."

"हुती. पण नोटा सत्त्याण्णवच हैत."

"पट्टी तुमी फाडली."

"फाडल्याबिगर मोजायचं कसं?"

आबांचा आवाज चढला. "म्हंजे मी कमी दिलं? आयुष्यात कुणाचा रुपाया बुडवला न्हाय मी! सव्वा लाखाचं डिझेल रोज घालतोय. दीड हजारासाठी खोटं बोलीन व्हय?"

"तुमी खोटं बोलताय असं मी म्हणलं न्हाय," भाभी म्हणाल्या. "नोटा कमी हैत एवढंच म्हणलं."

"मग गेल्या कुठं? तुमच्याच हातात हुत्या."

सगळं दुकान थांबलं. गादीवर साड्या उलगडणारे हात तसेच राहिले. मालक पुढं झाले, आबांच्या खांद्यावर हात ठेवला. "आबा, आबा, बसा जरा. भाभी, ऱ्हाऊ दे. दीड हजार माझ्याकडनं गेले असं धरा. आबांना सॉरी म्हणा, विषय संपवा."

भाभींनी मालकांकडं बघितलं. "मालक, पैसं तुमचं हैत. तुमी सोडा, माझं काय म्हणणं न्हाय. पण सॉरी माझं हाय. ते मी देणार न्हाय."

"अवो, एका शब्दानं काय जातंय?"

"एका शब्दानं मी चोर हुते."

तेवढ्यात पावण्यांतला एकजण, पांढरा शर्ट घातलेला, पाठीमागून बोलला, "ह्या लोकांस्नी गल्ल्यावर बसवायचंच कशाला?"

मला वाटलं, भाभी ऐकलं न ऐकल्यासारखं करतील. आपण सगळे तेच करतो. त्यांनी हातातलं रबर खाली ठेवलं.

"कुठल्या लोकांस्नी?"

तो माणूस पंख्याकडं बघायला लागला.

"बोला की पावणं. अर्धं कशाला ठेवलं? गारगोटीच्या लोकांस्नी? का दहावी पास लोकांस्नी? पुरं बोला, सगळी ऐकत्यात."

आबाच त्याच्यावर खेकसले, "तू गप रं. तुला कुणी विचारलंय?" पण ते भाभींच्या बाजूनंही काही बोलले नाहीत.

भाभींनी सगळ्या नोटा काचेवरच ठेवल्या, ड्रॉवरला कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरली. मग म्हणाल्या, "वर कॅमेरा हाय. माझ्या डोक्यावरच हाय. बघूया. माझ्या हातानं नोट गेलेली दिसली तर पोलिसात द्या. तवर गल्ला बंद."

"कॅमेरा दोन दिवस झाले बंद हाय," मालक म्हणाले.

इथं मला माझं सांगायला पाहिजे. त्याच दिवशी सकाळी पावणेअकराला मी परकरांच्या खोक्यावर जरा टेकले होते. माझे पाय सुजतात. आमच्याकडं कामावर बसायचं नाही असा नियम आहे. दोन मिनिटांत केबिनमधून फोन आला, "क्रांती, उभी ऱ्हा." मालक दिवसभर मोबाईलवर कॅमेरा बघतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. कॅमेरा चालू होता. मालकांना फक्त तो आबांना दाखवायचा नव्हता. दाखवला तर आबांना खाली बघावं लागणार, आणि आबांना खाली बघावं लागलं तर भावकीतले पुढचे बस्ते जाणार. भाभींना खाली बघावं लागलं तर काहीच जाणार नव्हतं.

मला अकरा हजार पगार आहे. घरी त्याची वाट बघतात. मी मान खाली घालून ब्लाउजपीसच्या घड्या घालत राहिले. घातलेल्याच घड्या परत घातल्या.

गल्ल्यापुढं रांग वाढत होती. रांगेत पहिल्या होत्या धोंडुबाई म्हणून एक म्हातारी, भाभींच्याच गारगोटीकडच्या. हातात एक सुती लुगडं, बिल सातशे चाळीस. त्या म्हणाल्या, "अवो, माझी पाचाची गाडी हाय. घ्या की माझं पैसं."

"मावशी, मला चोर म्हणत्यात," भाभी म्हणाल्या. "चोराच्या हातात पैसं देतीस व्हय? जरा थांब."

त्यांचा आवाज त्या एका वाक्यात हलला. तेवढ्यापुरताच. मी वर बघितलं. त्या सरळ बसल्या होत्या, किल्लीची मूठ मांडीवर.

माझं तोंड कसं उघडलं हे मला आजही सांगता येत नाही. मी म्हणाले, "मालक, कॅमेरा चालू हाय की. सकाळी मी बसलेली दिसले न्हवं तुमास्नी?"

वरच्या जिन्यावर कुणीतरी हसलं. मालकांचा चेहरा तांबडा झाला. ते माझ्याकडं असे बघत होते की मला वाटलं, आजच घरी जायचंय. पण धोंडुबाईंनी ते वाक्य वरच्यावर झेललं. "चालू हाय न्हवं? मग दावा की ओ! गाडी चुकली तर मी तुमच्याच घरात मुक्कामाला येईन बघा."

आता रांगेतले बाकीचेही बोलायला लागले. दाखवा, दाखवा. आबाही म्हणाले, "दावा. मीबी बघतो."

केबिनमध्ये मालक, आबा, नवरी मुलगी आणि भाभी गेल्या. दाराला काच आहे, आम्हाला कॅमेऱ्याचा टीव्ही दिसत होता. काचेवर बंडल. पट्टी फाटली. मशीन. परत मशीन. मग भाभींचे दोन्ही हात, काचेवर, एकेक नोट सरकवणारे. हात एकदाही काचेखाली गेले नाहीत. आबा म्हणाले, "परत लावा." परत लावलं. तिसऱ्या वेळेला त्यांनी लावायला सांगितलं नाही.

बाहेर आले. शर्टच्या खिशातून पाचशेच्या तीन नोटा काढल्या आणि गल्ल्यावर फेकल्या. एक काचेवरून घसरून खाली पडली.

"करा जमा," म्हणाले.

भाभी खुर्चीवर बसल्या, पण नोटांना हात लावला नाही. "फेकलेलं मी घेत न्हाय आबा. हातात द्या."

मला वाटलं, आता हाणामारी होते. आबांच्या मानेची शीर उठली. तेव्हा नवरी मुलगी पुढं आली, वाकली, खाली पडलेली नोट उचलली, काचेवरच्या दोन घेतल्या, तिन्ही एकसारख्या केल्या आणि दोन्ही हातांनी भाभींपुढं धरल्या.

"दीड हजार आले," भाभी म्हणाल्या. बिलावर शिक्का मारून ते तिच्या हातात दिलं. "सुखानं संसार कर बाळा."

माणसं गठ्ठे उचलून निघून गेली. भाभींनी कुलूप काढलं. "या मावशी. सातशे चाळीस."

मला पुढं बरेच दिवस त्या तीन नोटांचं कोडं पडलं होतं. एकदा डबा खाताना मी भाभींना विचारलं, आबा खरंच खोटं बोलत होते का. त्या म्हणाल्या, "न्हाय ग. त्याला खरंच वाटत हुतं शंभर हैत. बँकेत कमी आल्या असतील, न्हायतर घरात कुणी काढल्या असतील. त्यानं मोजल्या न्हाईत आन् मी मोजल्या, एवढाच माझा गुन्हा."

शनिवारी मालक काही बोलले नाहीत. सोमवारी सकाळी भाभी आल्या तर गल्ल्यावर राजवर्धन बसलेला. मालकांचा पुतण्या, तेवीस वर्षांचा, पुण्याला शिकून आलेला. मालक म्हणाले, "भाभी, आबांच्या भावकीत यंदा चार लग्नं हैत. चारीबी बस्ते दुसरीकडं गेले. मला तुमच्यावर राग न्हाय. पण तुमी आता गोदामात बसा. पगार तोच."

"कारण लिहून द्या," भाभी म्हणाल्या.

"कसलं कारण?"

"एकोणीस वर्सं गल्ल्यावर हाय. उठवताय, तर का उठवताय ते कागदावर द्या. गिऱ्हाइकाचं पैसं मोजलं म्हणून उठवलं, असं लिवा. मी जाते गोदामात."

मालक ते कसं लिहिणार? ते केबिनमध्ये निघून गेले. भाभींनी माझ्या काउंटरच्या टोकाचं, वरचे खोके काढायचं लाकडी स्टूल ओढलं आणि गल्ल्याच्या शेजारी, भिंतीला टेकून बसल्या. सकाळी दहा ते रात्री साडेआठ. गोदामात गेल्या नाहीत, घरीही गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

मला मालक काही बोलले नाहीत. फक्त त्या आठवड्यात परकरांचा सगळा स्टॉक मला तीनदा मोजायला लावला. तीनदा बरोबर निघाला.

दुपारी एकला चमन चाचा डबा घेऊन यायचे. ते फार कमी बोलणारे. पायरीवर दोघं जेवायचे. एक दिवस मी ऐकलं, ते म्हणाले, "चल की घरला. मशीनवर बस. आपलं काय अडलंय?"

"अडलं न्हाय," भाभी म्हणाल्या. "पण आज न्हाय."

चाचांनी डब्याचं झाकण लावलं आणि दुसऱ्या दिवशी बसायला एक जुनी उशी घेऊन आले.

राजवर्धन वाईट पोरगा नव्हता. पण त्याचं लक्ष मोबाईलमध्ये. पहिल्याच दिवशी रात्री गल्ला चारशेनं कमी. दुसऱ्या दिवशी सव्वादोनशेनं जास्त, म्हणजे कुणाचं तरी आपल्याकडं राहिलं. एकदा त्यानं एक नोट उजेडाला धरली, आणि मग भाभींकडं सरकवली. "भाभी, ही जरा बघता का? मला डाऊट येतोय."

"मी गोदामात हाय."

"अहो, तुम्ही तर इथंच बसलाय."

"बसलेय हितं. हाय गोदामात."

त्यानं ती नोट तशीच घेतली. बँकेत खोटी निघाली. भाभींना कळलं तेव्हा त्यांनी उशी सारखी केली आणि परत टेकून बसल्या. मला त्यांचा जरा रागही आला. एवढं ताणायचं का, असं वाटलं. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "मी ताणत न्हाय. मी बसलेय. ताण त्यास्नी येतोय."

अकराव्या दिवशी दुपारी चिमणाबाई आल्या. कोडोलीच्या, माझ्या आळीतल्या. पार थकलेल्या. शेतात भांगलायला, तण काढायला जाणाऱ्या. नातीसाठी दोन ब्लाउजपीस घेतले माझ्याकडून, एकशे साठ रुपयांचे. कमरेची पिशवी सोडून घडी घातलेली नोट काढली, राजवर्धनला दिली. तो फोनवर बोलत होता. त्यानं नोट न बघताच ड्रॉवरमध्ये टाकली आणि चाळीस रुपये पुढं केले.

चिमणाबाई त्या चाळीस रुपयांकडं बघत उभ्या राहिल्या. "बाळा, मी पाचशेची दिलती."

"नाही आजी, दोनशेची होती," राजवर्धन फोन कानाला तसाच धरून म्हणाला.

"पाचशेची हुती रं."

"आजी, दोनशेचीच. मागं लोक थांबलेत."

त्यांनी पिशवी उघडून आत बघितलं. आत काही नव्हतं. त्यांना स्वतःचीच खात्री वाटेना, हे चेहऱ्यावर दिसत होतं. चाळीस रुपये मुठीत धरून त्या वळल्या. भांडणं त्यांना येत नाही, आणि आवाज चढवायला पाठीमागं अठरा माणसं नव्हती.

मी बोलायला तोंड उघडलं, पण नोट मी बघितली नव्हती. तोवर स्टूल सरकल्याचा आवाज आला. भाभी उभ्या राहिल्या होत्या.

"थांबा आजी. पाचशेचीच दिली तुमी."

राजवर्धननं फोन खाली घेतला. "तुम्हाला काय माहीत?"

"मी बघत हुते."

"तुम्ही तर गोदामात होता ना?"

"तुझ्यासाठी गोदामात हाय. गिऱ्हाइकासाठी हितंच हाय. ड्रॉवर उघड. पाचशेच्या खणात वरच्या चार-दोन नोटांत बघ, एक चार घड्या घातलेली असंल. दुसरी कुठली तशी नसणार. बँकेतनं आलेल्या नोटंला कमरंची घडी नसती."

त्यानं ड्रॉवर उघडला. नोट वरतीच होती. चार घड्यांच्या रेषा, मध्ये हळदीचा डाग. त्यानं तीनशे रुपये काढले, चिमणाबाईंच्या हातात दिले आणि म्हणाला, "चुकलं आजी."

"व्हतंय बाळा," चिमणाबाई म्हणाल्या. मग भाभींकडं वळल्या, त्यांचा हात धरला आणि सोडला.

केबिनचं दार उघडून मालक बाहेर आले. मोबाईल हातातच होता. म्हणजे सगळं बघितलं होतं. राजवर्धनला म्हणाले, "ऊठ." तो उठला. मला वाटतं, सुटल्यासारखा उठला.

"बसा भाभी," मालक म्हणाले.

भाभी उभ्याच. "का उठवलं हुतं ते आधी सांगा."

"आता कशाला ते? झालं ते झालं. बसा."

"त्या दिवशी सगळ्यांच्या म्होरं उठवलं. आता सगळ्यांच्या म्होरं सांगा."

दुकानात वीस-पंचवीस गिऱ्हाइकं होती. आम्ही चौदा कामगार. मालकांनी इकडं-तिकडं बघितलं. घसा साफ केला. कॉलरशी काहीतरी पुटपुटले.

"ऐकू आलं न्हाय," भाभी म्हणाल्या.

मालकांनी त्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता संपलं, आता हे हाकलून देणार. पण त्यांचा चेहरा रागाचा नव्हता. खूप दिवस कुठलं तरी ओझं धरून हात भरून आलेल्या माणसासारखा होता.

"तुमी काय चुकला न्हवता," ते मोठ्यानं म्हणाले. "आबांना सांभाळायला मी तुमास्नी उठवलं. मी चुकलो."

मग लगेच आमच्याकडं वळून ओरडले, "कामं करा की! काय बघतायसा?"

भाभी बसल्या. खुर्चीची उंची राजवर्धननं बदलली होती, ती पहिल्यासारखी केली. आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला म्हणाल्या, "थांबा, मोजू दे."

आबांच्या भावकीतलं एकही लग्न आमच्याकडं आलं नाही, अजूनही येत नाही. तो तोटा खरा आहे आणि मालक तो अधूनमधून बोलून दाखवतात. भाभी ऐकून घेतात. त्या म्हणतात, तोटा झाला हे मी कुठं नाकबूल करतेय.

एक झालं. मालकांनी आम्हा बायकांसाठी काउंटरमागं चार स्टुलं आणून ठेवली. गिऱ्हाईक नसलं की मी बसते. केबिनमधून फोन येत नाही.

पण भांडण मिटलंय असं समजू नका. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मालकांनी पगाराची पाकिटं वाटली. भाभींनी पाकीट तिथंच फोडलं, काचेवर मोजलं. अकरा दिवसांचे पैसे कापलेले होते.

"त्या दिवसांत तुमी काम केलं न्हाय," मालक म्हणाले.

"तुमीच करू दिलं न्हाय. मी रोज दहाला हजर हुते. कॅमेऱ्यात बघा."

अर्धा तास वाद झाला. गिऱ्हाइकं चहा पीत ऐकत होती. शेवटी मालकांनी सात दिवसांचे दिले आणि म्हणाले, आता एक रुपयाही नाही. भाभींनी घेतले, मोजले, आणि पगाराच्या रजिस्टरात सही केली. सहीच्या खाली लिहिलं, "चार दिवस बाकी."

तेव्हापासून दर महिन्याला त्या सहीखाली तेवढंच लिहितात. गेल्या एक तारखेला मालक वैतागले. "अवो भाभी, ऑडिटवाला इचारतोय हे काय म्हणून. ह्या महिन्यात तरी लिवू नका."

"द्या," भाभी म्हणाल्या, "मग न्हाय लिवत."

मालकांनी रजिस्टर त्यांच्याकडं सरकवलं. भाभींनी पेनाचं टोपण काढलं.